जुन्या स्वस्त गिटारींच्या नव्या आवृत्त्या घ्याव्यात का?

गेल्या दिवाळीत पुतण्याने मोबाइलवर एका गिटारीचा फोटो दाखवून विचारले, "काका, ही घेऊ का?" फिकट निळा रंग, दोन आखूड शिंगे, कडेने फिरवलेली पांढरी पट्टी आणि पिकअपच्या, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाच्या, जागी लिपस्टिकच्या डबीसारख्या दोन चकचकीत नळ्या. त्याच्या आजोबांच्या तरुणपणी डॅनइलेक्ट्रो कंपनीची ही गिटार अमेरिकेत अगदी स्वस्तातली म्हणून विकली जात होती. आज तिची नवी आवृत्ती, जिला दुकानदार आणि वादक दोघेही रिइश्यू म्हणतात, आयात शुल्क आणि वाहतूक धरून कोल्हापुरात पोहोचेपर्यंत एखाद्या चांगल्या मध्यम दर्जाच्या गिटारीइतकी महाग पडते. मी त्याला तिथल्या तिथे "नको" असे सांगितले. ते उत्तर घाईचे होते, असे नंतरच्या काही महिन्यांत मला पटत गेले. मी तीस वर्षे हौसेने गिटार वाजवतो आणि त्यांतली पहिली दहा वर्षे गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांत गेली, त्यामुळे घरातली मुले माझ्या शब्दावर पैसे खर्च करतात किंवा वाचवतात. म्हणून हा विषय नीट मांडावा असे वाटले.

माझ्या नकारामागचे कारण चुकीचे नव्हते. जी वस्तू मुळात पैसे वाचवण्यासाठी तशी बनवली होती, तिच्यातील उणिवा आज दुप्पट किमतीला विकत का घ्यायच्या? आज त्याच किमतीत घन लाकडाची, सरळ नेकची (नेक म्हणजे डाव्या हाताने धरायची दांडी), सहाही तारा स्वतंत्रपणे जुळवता येणारी गिटार मिळते. ज्यांनी आपल्या तरुणपणी ॲक्शन, म्हणजे तारांची दांडीपासूनची उंची, इतकी जास्त असलेल्या गिटारी वाजवल्या की एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायचा बार कॉर्ड धरताना तर्जनीला वळ उठायचे, त्यांना "जुने ते सोने" हे गिटारीच्या बाबतीत सहजासहजी पटत नाही. मात्र या विचारात एक गोष्ट निसटते. काटकसरीने त्या गिटारींतून काही काढून घेतले तसेच तिने त्यांच्या कर्त्यांना नवी सामग्री आणि नव्या युक्त्या शोधायला भाग पाडले, आणि त्या युक्त्यांतून जो आवाज निघाला तो महागड्या गिटारींत नव्हता.

याचे सर्वांत चांगले उदाहरण डॅनइलेक्ट्रो हेच आहे. नेथन डॅनियल यांनी १९४७ मध्ये न्यू जर्सीत ही कंपनी काढली, आणि तिच्या बऱ्याच गिटारी सीअर्स या टपालाने माल पाठवणाऱ्या प्रचंड दुकानाच्या कॅटलॉगमधून सिल्व्हरटोन या नावाने विकल्या गेल्या. १९५४ मध्ये फेंडरची स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली तेव्हा तिची किंमत २४९.५० डॉलर होती. १९६२ मध्ये सीअर्सने आणलेली सिल्व्हरटोन १४४८ केवळ ६७.९५ डॉलरला मिळत होती, आणि तिच्या पेटीतच ॲम्प्लिफायर व स्पीकर बसवलेला होता. म्हणजे ज्या मुलाच्या घरी कोणीही वादक नाही, ज्याला ॲम्प वेगळा घ्यावा लागतो हेही माहीत नाही, त्याने पेटी उघडावी, वायर जोडावी आणि वाजवायला बसावे, असा तो सगळा विचार होता. एवढ्या किमतीत घन लाकूड बसणे शक्यच नव्हते. डॅनियल यांनी साध्या लाकडाची चौकट केली आणि तिच्या पुढे-मागे मॅसोनाइटची, म्हणजे कपाटाच्या पाठीला लावतात तसल्या हार्डबोर्डची, पाटी चिकटवली. कडेला उघडा पडणारा सांधा झाकण्यासाठी व्हिनाइलची पट्टी फिरवली. आतून अशी गिटार बरीचशी पोकळ असते. पिकअपसाठी त्यांनी लांबट चुंबकावर थेट तार गुंडाळली आणि ते वेटोळे लिपस्टिकच्या खऱ्याखुऱ्या धातूच्या नळ्यांत घातले.

या पिकअपमध्ये तारेचे वेढे तुलनेने कमी असतात, त्यामुळे आवाज फार जोरकस निघत नाही, पण स्वच्छ आणि काचेसारखा लख्ख निघतो. पोकळ हार्डबोर्डमुळे तार छेडताच स्वर एकदम उमलतो आणि लवकर मावळतो. आणखी एक गोष्ट अशी की बहुतेक गिटारींत दोन पिकअप एकत्र लावले की ते समांतर जोडले जातात आणि आवाज थोडा पातळ होतो. डॅनइलेक्ट्रोत मात्र ते एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असतात, म्हणून पिकअप निवडायचा खटका मधल्या जागी ठेवला की आवाज एकदम भरतो. राजारामपुरीत एका मित्राच्या वरच्या खोलीत आम्ही चार-पाच जण रविवारी जमतो, तिथे त्याची रिइश्यू डॅनइलेक्ट्रो मी प्रथम हातात घेतली, आणि मधल्या जागेवरचा तो आवाज ऐकून माझ्या "नको"ला पहिला तडा गेला. आमच्या गटात हार्मोनियम आहे, ढोलकी आहे, आणि माझी नेहमीची जड हंबकर (दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपची) गिटार त्यांच्यामध्ये चिखल करते. ही गिटार मात्र ढोलकीच्या दोन थापांमधल्या जागेत नेमकी बसत होती. लेड झेपेलिनच्या जिमी पेज यांच्यासारख्या, हवी ती गिटार घेऊ शकणाऱ्या वादकाने डॅनइलेक्ट्रो का वापरली असेल, याचे उत्तर मला पुस्तकांपेक्षा त्या खोलीत जास्त स्पष्ट मिळाले.

आता मूळ गिटार आणि रिइश्यू यांच्यातला फरक पाहू, कारण निर्णय तिथेच होतो. मूळ डॅनइलेक्ट्रोच्या नेकमध्ये पोलादाच्या दोन पट्ट्या कायमच्या बसवलेल्या असत आणि त्यांना फिरवून नेक सरळ करण्याची सोय नव्हती. नेक वाकली, तर फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, काढून फिंगरबोर्ड घासण्यासारखे मोठे काम करण्याखेरीज उपाय उरत नसे. ब्रिजवर, म्हणजे गिटारीच्या अंगावर तारा टेकतात त्या भागावर, सहा तारांसाठी मिळून लाकडाची एकच आडवी घोडी असे, त्यामुळे एक तार जुळवावी तर दुसरी बिघडायची. मोकळ्या तारेचा सा आणि त्याच तारेच्या बाराव्या फ्रेटवरचा तार सा यांत कानाला टोचेल इतका फरक राहायचा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एव्हेट्स या कंपनीने डॅनइलेक्ट्रो हे नाव घेऊन सुरुवातीला कोरियात या गिटारी पुन्हा बनवायला घेतल्या, तेव्हा त्यांनी हार्डबोर्ड ठेवला, लिपस्टिक पिकअप ठेवले, ॲल्युमिनियमचा नट, म्हणजे नेकच्या टोकाची खाचांची पट्टी, ठेवला, आणि नेकमध्ये मात्र चावीने फिरवता येणारा ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ करणारी सळई, घातला. काही मॉडेलांत ती एकसंध लाकडी घोडी तशीच आहे, काहींत सहा तारांसाठी सहा स्वतंत्र घोड्या आहेत; माझ्या मते दुसरा प्रकारच घ्यावा, कारण बेसूर बाराव्या फ्रेटवर प्रेम करण्याचे कोणतेही कारण मला आजवर सापडलेले नाही. ज्या काटकसरीतून आवाज जन्माला आला ती जपली आणि जिच्यामुळे वादकाला त्रास झाला ती सोडली, असे या गिटारीबद्दल म्हणता येते, आणि रिइश्यूकडून मला नेमके हेच हवे आहे.

सगळ्या रिइश्यू ही कसोटी पार करत नाहीत. शिकागोच्या व्हॅल्को कंपनीचे उदाहरण घ्या. ही कंपनी स्वतःच्या सुप्रो आणि नॅशनल या नावांनी आणि माँटगोमेरी वॉर्ड या दुकानासाठी एअरलाइन या नावाने गिटारी बनवत असे. जिमी हेंड्रिक्सची पहिली इलेक्ट्रिक गिटार त्याच्या वडिलांनी १९५९ मध्ये घेऊन दिलेली सुप्रो होती. साठच्या दशकात व्हॅल्कोने काही गिटारींचे अंग फायबरग्लासमध्ये ओतून काढले आणि त्याला रेझोग्लास असे नाव दिले. दोन शिंपल्यांसारखे भाग, मध्ये पट्टीचा सांधा, आत पोकळी. पुढे व्हाइट स्ट्राइप्सच्या जॅक व्हाइट यांच्या हातातली लाल एअरलाइन साऱ्या जगाने पाहिली आणि या आकाराला पुन्हा मागणी आली. ईस्टवूड या कॅनडातल्या कंपनीने तिची नवी आवृत्ती काढली, ती मात्र आतून पोकळी कोरलेल्या महॉगनी लाकडाची. ही गिटार वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. लाकडी अंगाची, चांगल्या नेकची ती एक उपयुक्त गिटार आहे. पण मूळ गिटारीचा प्राण असलेले फायबरग्लास गेल्यावर उरते ती बाह्यरेषा, आणि विकत घेणाऱ्याने आपण रूपासाठी पैसे मोजत आहोत हे मनाशी स्पष्ट ठेवूनच ती घ्यावी. मंचावर उभे राहणाऱ्याला रूपाची किंमत असते, ती मी नाकारत नाही. ऑर्केस्ट्रात असताना आम्हीही लाल गिटार मागून आणायचो.

मी स्वतः फसलो ते गोल्ड फॉइल पिकअपच्या बाबतीत. जपानमध्ये १९४६ साली सुरू झालेल्या टेइस्को कंपनीच्या स्वस्त गिटारींवर सोनेरी पत्र्याची झाकणे असलेले पातळ पिकअप असत, आणि त्यांत रबरमिश्रित चुंबकाची पट्टी वापरलेली असे. त्या काळी या गिटारींना खेळणी समजत. पुढे राय कूडर यांनी असा एक पिकअप आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये बसवला, त्याचा आवाज वादकांच्या कानांवर पडला आणि मग केवळ पिकअप काढून घेण्यासाठी लोक जुन्या टेइस्को विकत घेऊन मोडू लागले. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या रो इंडस्ट्रीजचे डीआर्मंड पिकअपही सोनेरी झाकणाचे असत आणि हार्मनीच्या गिटारींवर लागत. त्यांची आतली रचना वेगळी आणि आवाजही वेगळा. म्हणजे गोल्ड फॉइल हे मुळात एका रचनेचे नावच नाही, ते झाकणाचे वर्णन आहे, आणि नेमकी इथेच ग्राहकाची गफलत होते. काही वर्षांपूर्वी मी साठच्या दशकातल्या धाटणीची, दोन सोनेरी पिकअपची एक गिटार ऑनलाइन मागवली. आवाज अगदी सर्वसाधारण निघाला. महिनाभर मी ॲम्पला दोष देत राहिलो, तारा बदलल्या, मग एके दिवशी झाकणाचे स्क्रू काढून पाहिले तर सोनेरी पत्र्याखाली कोणत्याही स्वस्त गिटारीत असतो तसला नेहमीचा, एका वेटोळ्याचा सिंगल कॉइल पिकअप आणि त्याच्या तळाशी चिकटवलेल्या सिरॅमिक चुंबकाच्या दोन कांड्या होत्या. कंपनीचे नाव मी लिहीत नाही. तिच्या जाहिरातीत खोटे असे एकही वाक्य नव्हते. आत काय आहे हे लिहिलेलेच नव्हते, आणि मी विचारले नव्हते. तेव्हापासून गोल्ड फॉइल म्हटले की मी पहिला प्रश्न चुंबकाचा विचारतो, आणि उत्तर मिळाले नाही तर ती गिटार विषयातून बाद करतो.

विद्यार्थ्यांसाठी बनलेल्या फेंडरच्या गिटारी हा याहून सोपा विषय आहे. १९५६ मधल्या म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक यांचा स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी, साडेबावीस इंच होता. १९६४ मधली मस्टँग चोवीस इंचांची म्हणून जास्त ओळखली गेली. स्ट्रॅटोकास्टरचा स्केल साडेपंचवीस इंच असतो. लांबी कमी झाली की त्याच जाडीची तार त्याच सुराला ढिली राहते, म्हणून लहान हातांना ती सोपी जाते. मोठ्या माणसाला ती फार मऊ वाटली तर अकरा नंबरच्या, म्हणजे थोड्या जाड, तारा लावाव्यात, फरक लगेच कळतो. फेंडरचा स्वस्त ब्रँड असलेल्या स्क्वायरने या जुन्या आराखड्यांच्या ज्या आवृत्त्या काढल्या आहेत त्या मला पैशाच्या मानाने सर्वांत प्रामाणिक वाटतात. मूळ गिटार घन लाकडाची, साधी आणि स्वस्त होती. नवीही घन लाकडाची, साधी आणि स्वस्त आहे. यात रहस्य असे काही नाही.

याच्या उलट टोक हार्मनीचे. शिकागोत १८९२ मध्ये सुरू झालेली ही कंपनी अनेक वर्षे सीअर्सच्या मालकीची होती आणि सामान्य घरांत तिच्या गिटारी गेल्या. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर दिसल्यानंतर घरोघरी गिटारी हव्या झाल्या, कारखाने वाढले, आणि ती लाट ओसरताच व जपानी माल येऊ लागताच एकेक कोसळले: व्हॅल्को आणि के या दोन कंपन्या १९६७ मध्ये एकत्र आल्या आणि १९६८ मध्ये बुडाल्या, डॅनइलेक्ट्रो १९६९ मध्ये बंद झाली, हार्मनी १९७५ मध्ये. २०१८ मध्ये हार्मनीचे नाव पुन्हा आले ते मिशिगनमधल्या कॅलमझू येथे बनणाऱ्या, हजार डॉलरच्या पुढच्या गिटारींवर. त्या उत्तम असतील आणि तिथल्या कारागिराला योग्य वेतन मिळत असेल तर मला आनंदच आहे. पण सामान्य घरातल्या मुलाच्या पहिल्या गिटारीचे नाव त्या किमतीवर लावलेले पाहून मला वाईट वाटते, आणि पुतण्याच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध उरत नाही.

"मग मूळ जुनीच का घेऊ नये?" असेही त्याने विचारले. अमेरिकेत राहणाऱ्याने जरूर पाहावी. कोल्हापुरात बसून, न पाहता, हजारो मैलांवरून ट्रस रॉड नसलेली साठ वर्षांची गिटार मागवणे मला धाडसाचे वाटते. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी असते आणि जूनच्या मध्यापासून भिंतींना ओल येते. माझ्या घन लाकडाच्या गिटारीची नेकसुद्धा या दोन महिन्यांत हलते आणि मला वर्षातून दोनदा चावी फिरवावी लागते. जिथे चावीच नाही तिथे काय करायचे? आणि हार्डबोर्ड तर ओल धरला की फुगतो. ज्यांच्या घरात २०१९ च्या पुराचे पाणी आले होते त्यांनी हार्डबोर्डच्या कपाटांचे काय झाले ते पाहिले आहे. रिइश्यूलाही हा धोका आहेच, फक्त तिचा हार्डबोर्ड नवा आहे आणि तिची कड अजून उघडी पडलेली नाही. पावसाळ्यात ती भिंतीवर टांगू नये, पेटीत ठेवावी.

खर्चाचा हिशेब करताना आपल्याकडे सेटअप, म्हणजे गिटार हाताला साजेल अशी बारीक जुळवणी, धरत नाहीत, आणि तिथे फार मोठी चूक होते. या किमतीतली गिटार कोणत्याही कंपनीची असो, नटच्या खाचा आणि फ्रेटच्या कडा यांवर कारखान्यात जितका वेळ द्यायला हवा तितका दिलेला नसतो. मुंबई-पुण्यात हे काम करणारे गिटारचे कारागीर आहेत. आपल्याला मिरज जवळ आहे, आणि सतार-तंबोरे बनवणाऱ्या तिथल्या घराण्यांचा हात मी यासाठी मुद्दाम सांगतो. मी ज्यांच्याकडे जातो त्या कारागिरांनी आयुष्यभर तंबोऱ्याच्या जवाऱ्या काढल्या आहेत. तार घोडीला कुठे टेकावी आणि कुठे सुटावी हे ते कानसाने केसाएवढे घासून, तार लावून, ऐकून, पुन्हा घासून ठरवतात. मी पहिल्यांदा गिटार नेली तेव्हा त्यांनी फक्त एवढे विचारले की इथे स्वर झणझणायला हवा की स्वच्छ सुटायला हवा. स्वच्छ, असे मी म्हटले. तासाभरात सहा खाचा अशा झाल्या की पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड करंगळीच्या जोराने लागू लागला. ब्रिजची एक घोडी झिजली होती, ती शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याने पितळेची करून दिली. या दोन्ही कामांचा खर्च मिळून गिटारीच्या किमतीच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी होता, आणि त्यानंतर ती गिटार वेगळीच झाली.

म्हणून पुतण्याला मी शेवटी असे सांगितले की ती निळी गिटार घ्यायची असेल तर घे, पण आधी एक रविवार आमच्याबरोबर बस आणि तिच्या जातीची गिटार दोन तास वाजव. रंगाकडे पाहू नकोस, मधल्या जागेवर खटका ठेवून हार्मोनियमबरोबर वाजव, आणि मग तुझ्या हातातल्या साध्या गिटारीवर तीच चीज वाजव. फरक ऐकू आला नाही तर पैसे साध्या गिटारीच्या सेटअपवर आणि बऱ्या ॲम्पवर घाल. त्याने दोन नाही, तीन तास वाजवली. ढोलकी थांबली, चहा आला, मित्राच्या आईने दोनदा जेवायला हाक मारली, तरी तो मधल्या जागेवरच होता. गिटार मार्चमध्ये आली. सहा स्वतंत्र घोड्यांचे मॉडेल घे हे माझे म्हणणे त्याने ऐकले, आणि निळ्याऐवजी काळा रंग घेतला. त्याला अकरा नंबरच्या तारा लावायच्या आहेत, त्यासाठी नटच्या खाचा थोड्या रुंद कराव्या लागतील, तेव्हा येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघे मिरजेला जाणार आहोत.